बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर: कुणाला लागतं, कुणाला नाही

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर तुकड्यांत विखुरलेल्या फाइली सांधून सलग करणं. विंडोजमध्ये त्याची सोय आहेच. मग वर आणखी एखादा बाहेरचा डीफ्रॅगर टाकला तर कॉम्प्युटर खरंच पळायला लागतो का, आणि टाकायचाच तर फुकटचा चालेल की पैसे मोजावेत, असा हा प्रश्न आहे. विंडोज ७ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर बहुतेकांना गरज नाही. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) असेल तर मुळीच नाही. उरतात त्या चार-दोन खास अडचणी, आणि त्यातल्याही बऱ्याचशा विंडोजमधल्याच सोयींनी सुटतात.

पहिली गोष्ट, जाहिरातीत जी कधीच सांगत नाहीत: सगळे डीफ्रॅगर एकाच इंजिनावर चालतात. चालू व्हॉल्यूमवरच्या (सी:, डी: सारख्या ड्राइव्हवरच्या) फाइलचे क्लस्टर, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे छोटे ठोकळे, हलवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये दिली. डीफ्रॅगर तिला फक्त हुकूम सोडतो, की या फाइलचे इतके क्लस्टर उचल आणि त्या रिकाम्या जागी ठेव. प्रत्यक्ष हमाली एनटीएफएस, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांभाळणारी विंडोजची फाइल सिस्टिम, करते. मजकूर आधी नव्या जागी लिहिला जातो, मग नोंद बदलते, म्हणून मध्येच वीज गेली तरी फाइल सहसा शाबूत राहते. हे पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरला जितकं लागू, तितकंच विंडोजच्या आपल्या डीफ्रॅगलाही. फरक पडतो तो कोणती फाइल आधी हलवायची, कुठे ठेवायची आणि कधी थांबायचं या निर्णयांत.

बाहेरच्या डीफ्रॅगरचं जे नाव झालं ते जुन्या काळातलं. एनटी ४.० मध्ये सोय होती, पण ती वापरणारं साधन विंडोजसोबत येत नव्हतं. ते विकत घ्यावंच लागे. विंडोज २००० मध्ये आलेलं साधनही एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअरच्या डिस्ककीपरची छाटलेली आवृत्ती होती. तेव्हा पूर्ण आवृत्ती विकत घेण्यात अर्थ होता. व्हिस्टापासून विंडोज दर आठवड्याला आपणहून डीफ्रॅग करते, आणि विंडोज ८ पासून ड्राइव्ह कसला आहे ते पाहून त्याप्रमाणे काम निवडते. दुकान तेच राहिलं, गरज मात्र गेली.

आता खरा हिशोब. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर जायला साधारण ९ मिलिसेकंद. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या एका उडीची किंमत झाली जवळपास १३ मिलिसेकंद. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला याहून जास्त. शेजारच्या ट्रॅकवरची उडी स्वस्त पडते, त्यामुळे हा आकडा ढोबळ सरासरी समजा.

एक ४ जीबीची व्हिडिओ फाइल ६० तुकड्यांत आहे असं धरा. सेकंदाला १२० एमबी वेगाने ती सलग वाचायला ३४ सेकंद लागतील. ६० उड्यांचा जादा वेळ ०.८ सेकंद. हा फरक घड्याळ लावूनही जाणवणार नाही. तरीही बाहेरचं सॉफ्टवेअर ही फाइल लालभडक रंगवून दाखवेल, कारण तिचे '६० तुकडे' आहेत.

आता २ जीबीची मेलची जुनी साठवण घ्या, जी रोज थोडी थोडी वाढत गेली आणि २०,००० तुकड्यांत विखुरली. सलग असती तर १७ सेकंद. २०,००० उड्यांचे मात्र २६० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक. मेल प्रोग्रॅम उघडताना डिस्क करकरत का बसते, ते इथे कळतं. मुद्दा तुकडे किती यापेक्षा एकेक तुकडा केवढा, हा आहे.

विंडोज नेमका हाच मुद्दा धरते. ६४ एमबीपेक्षा मोठा तुकडा ती विखुरलेला मानतच नाही. ६४ एमबी वाचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. त्यापुढे १३ मिलिसेकंदांची उडी म्हणजे जेमतेम दोन-अडीच टक्के. विंडोज म्हणते २ टक्के विखुरलेलं, बाहेरचं सॉफ्टवेअर म्हणतं ३० टक्के, आणि माणूस घाबरून पूर्ण आवृत्ती विकत घेतो. दोघंही खोटं बोलत नसतात, मोजपट्ट्या वेगळ्या असतात. उपयोगाची पट्टी विंडोजची.

ही पट्टी स्वतः लावून बघता येते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'डीफ्रॅग डी: /ए /व्ही' अशी आज्ञा द्या (टाइप अर्थात रोमन अक्षरांत, डी: च्या जागी आपल्या ड्राइव्हचं अक्षर). /ए म्हणजे फक्त तपासणी, काहीही हलत नाही. /व्ही म्हणजे सविस्तर अहवाल. अहवालात तीन ठिकाणी बघा. एक, विखुरलेल्या जागेची टक्केवारी. ती एक आकडी असेल तर विषय संपला. दोन, दर फाइलमागे सरासरी तुकडे, १.०२ सारखा आकडा उत्तम. तीन, सर्वांत मोठा सलग रिकामा पट्टा. याकडे कुणी बघत नाही, पण पुढे काय होणार ते हाच सांगतो. रिकामी जागा १०० जीबी आणि सर्वांत मोठा पट्टा २०० एमबीचा असेल, तर उद्या लिहिलेली प्रत्येक मोठी फाइल जन्मतःच तुटलेली असणार. यावर उपाय /एक्स, म्हणजे रिकामी जागा एकत्र करणं. तोही विंडोजमध्येच आहे.

एसएसडीबद्दल अजूनही गोंधळ दिसतो. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे उडीची किंमतही नाही. शिवाय विंडोजला जे क्लस्टर 'सलग' दिसतात ते चिपवर सलग असतातच असं नाही. कोणता डेटा चिपवरच्या कुठल्या कप्प्यात आहे हे ड्राइव्हमधला कंट्रोलर ठरवतो आणि झीज सारखी व्हावी म्हणून तो सतत बदलत असतो. डीफ्रॅगरने रंगीत नकाशावर लावलेली सुंदर रांग ही निव्वळ कागदावरची रांग. त्या बदल्यात शेकडो जीबी लिखाण मात्र खरोखर होतं आणि ड्राइव्हच्या लेखन-आयुष्यातून वजा होतं. एका फेरीने ड्राइव्ह मरत नाही, पण मिळत काहीच नसेल तर ते तरी कशाला?

एसएसडीला लागतं ते ट्रिम: कोणती जागा आता मोकळी आहे हे ड्राइव्हला कळवणं. विंडोज ते फाइल पुसतानाच कळवते, वर आठवड्याला एकदा पुन्हा सगळी यादी देते. 'एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबल-डिलीट-नोटिफाय' या आज्ञेचं उत्तर (यातले शेवटचे तीन शब्द जोडून, मधल्या रेघा न देता लिहायचे) शून्य आलं तर ट्रिम चालू आहे. शून्य म्हणजे बंद, असा उलटा अर्थ अनेक जण काढतात. आज्ञेच्या नावातच 'डिसेबल' आहे, म्हणून शून्य म्हणजे चालू. बाहेरच्या सॉफ्टवेअरमधलं 'एसएसडी ऑप्टिमायझेशन'चं बटण बहुधा हेच ट्रिम पुन्हा एकदा पाठवतं.

एक बारकावा. सिस्टिम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीला परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज स्वतःसुद्धा एसएसडीवर साधारण महिन्यातून एकदा खरंखुरं डीफ्रॅग करते. शॅडो कॉपी (ड्राइव्हच्या जुन्या स्थितीची विंडोजने राखलेली प्रत) ठेवलेल्या, फार तुटलेल्या व्हॉल्यूमवर लिहिणं मंदावतं, म्हणून. ते पाहून 'विंडोजमध्ये घोळ आहे' म्हणत अख्खं वेळापत्रक बंद करू नका. त्यासोबत आठवड्याचं ट्रिमही बंद पडतं. खरा घोळ २०२० साली विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत झाला होता. मागचं ऑप्टिमायझेशन कधी झालं याची तारीख ती रीस्टार्टनंतर विसरायची आणि गरजेपेक्षा जास्त वेळा काम करायची. पुढच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं.

ड्राइव्ह कोणता आहे हे 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'च्या खिडकीत मीडिया टाइपच्या रकान्यात दिसतं. फक्त यूएसबीच्या डब्यात घातलेल्या एसएसडीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. काही डब्यांमधली यूएसबी आणि ड्राइव्ह जोडणारी चिप ही माहिती पुढे जाऊ देत नाही आणि विंडोज त्या ड्राइव्हला हार्ड डिस्क समजते. तसं दिसलं तर त्या एका ड्राइव्हची खूण वेळापत्रकातून काढा.

आता बाहेरचं साधन कुठे कामाला येतं ते.

एकच फाइल तुटलेली आहे आणि तेवढीच सांधायची आहे, तर सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या साधनांच्या संचातलं कॉन्टिग घ्या. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, पार्श्वभूमीला काही चालवत नाही. '-ए' दिलं तर फाइल किती तुकड्यांत आहे ते सांगतं, नुसतं फाइलचं नाव दिलं तर सांधतं. वरच्या मेलच्या फाइलसाठी, व्हर्च्युअल मशीनच्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या, आभासी कॉम्प्युटरच्या) डिस्क-फाइलसाठी, मोठ्या डेटाबेस फाइलसाठी हे पुरतं. संपूर्ण डिस्क हलवण्यापेक्षा ही दहा मिनिटांची शस्त्रक्रिया कितीतरी बरी. आधी तो मेल प्रोग्रॅम किंवा ते व्हर्च्युअल मशीन बंद करा. एक बाहेरचं साधन ठेवायचंच झालं तर ते हे.

विंडोज चालू असताना न हलणाऱ्या फाइली, म्हणजे पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती) आणि हायबरनेशनची फाइल (कॉम्प्युटर झोपवताना मेमरीतला मजकूर ठेवते ती), हा दुसरा प्रकार. 'बूट-टाइम डीफ्रॅग' म्हणून जे विकतात ते यासाठीच: विंडोज पूर्ण उठण्याआधीच काम उरकायचं. पण हे हातानेही जमतं. 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की हायबरनेशनची फाइल जाते. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमध्ये व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती 'नो पेजिंग फाइल' करून रीस्टार्ट केलं की पेजफाइलही जाते. मग /एक्स चालवून रिकामी जागा एकत्र करा आणि पेजफाइल पुन्हा बनवताना किमान व कमाल आकार सारखाच द्या. ती सलग बनते आणि आकार बदलत नसल्याने पुढे तुटत नाही. मेमरी कमी असेल तर पेजफाइल नसलेल्या अवस्थेत दुसरं काही उघडू नका.

तिसरा प्रकार खरा डोकेदुखीचा. पार्टिशन लहान करायचं आहे, ३०० जीबी मोकळे आहेत, आणि डिस्क मॅनेजमेंट म्हणतं की फक्त ८ जीबीच कमी करता येतील. कुठलीतरी न हलणारी फाइल व्हॉल्यूमच्या टोकाला ठाण मांडून बसलेली असते. बाहेरचं सॉफ्टवेअर शोधण्याआधी इव्हेंट व्ह्यूअरमधल्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद बघा. अडून बसलेल्या शेवटच्या फाइलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. पेजफाइल असेल तर वरचाच उपाय. रिस्टोर पॉइंट असतील तर सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून ते काढा. एनटीएफएसची आपली यादी, म्हणजे एमएफटी, निघाली तर मात्र बूट-टाइम डीफ्रॅगर किंवा बाहेरून बूट होणारं पार्टिशनचं साधन लागतं. इथे बाहेरच्या सॉफ्टवेअरची किंमत वसूल होते, तीही एकदाच.

चौथा प्रकार सतत लिहिणाऱ्या डिस्कचा: कॅमेऱ्यांचं चित्रण, एकाच वेळी अनेक डाउनलोड. एकाच वेळी दहा फाइली थोड्या थोड्या वाढत असतील तर त्या एकमेकींत विणल्या जातात. रात्री सांधा, दिवसा पुन्हा तुटतील. त्या प्रोग्रॅममध्ये बहुधा आधीच पूर्ण जागा राखून ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की तुटण्याचं कारणच जातं. फार कॉम्प्रेस केलेल्या किंवा स्पार्स (मधल्या रिकाम्या भागांना डिस्कवर जागा न देणाऱ्या) फाइली मात्र लाखो तुकड्यांत गेल्या तर एनटीएफएसची तुकड्यांची यादीच भरते आणि लिहिताना त्रुटी क्रमांक ६६५ येतो. हे घरच्या कॉम्प्युटरवर क्वचित, मोठ्या डेटाबेसच्या सर्व्हरवर दिसतं.

नुकसान कुठे होतं, तेही बघा. मरायला टेकलेल्या डिस्कवर डीफ्रॅग हा सर्वांत महागडा प्रकार. डिस्क मंद झाली म्हणून माणूस डीफ्रॅग लावतो, आणि मंद झालेली असते ती खराब सेक्टरांमुळे. तासन्‌तास वाचन-लेखन म्हणजे आजारी माणसाला पळवणं. म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे अडलेले, सी६ म्हणजे न सुधारणारे. सी५ किंवा सी६ शून्याहून जास्त असेल तर डीफ्रॅग विसरा, आधी बॅकअप घ्या. सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबल सैल किंवा खराब आहे.

चुकून पुसलेली फाइल परत हवी असेल तर डीफ्रॅगला हात लावू नका. जिथे ती फाइल अजून तग धरून असते ती रिकामी जागाच डीफ्रॅग वापरतं.

शॅडो कॉपी १६ केबीच्या ठोकळ्यांत हिशोब ठेवते आणि एनटीएफएसचे क्लस्टर सहसा ४ केबीचे असतात. हे न सांभाळणाऱ्या डीफ्रॅगरने फाइली हलवल्या की शॅडो कॉपीला तो बदललेला डेटा वाटतो, राखीव जागा भरते आणि जुने रिस्टोर पॉइंट गुपचूप उडतात. फाइली न बघता डिस्कवरचे ठोकळे (ब्लॉक) पाहून घेतलेल्या बॅकअपचंही तसंच: फाइली त्याच असल्या तरी ब्लॉक हलले, की रोजचा दोन-चार जीबीचा वाढीव बॅकअप एकदम शंभर-दोनशे जीबीचा होतो. डीफ्रॅग करायचंच तर पुढच्या पूर्ण बॅकअपच्या आदल्या दिवशी करा. आकाराने वाढत जाणाऱ्या व्हर्च्युअल डिस्कच्या आत डीफ्रॅग केलं तर बाहेरची फाइल फुगते आणि आपोआप लहान होत नाही. व्हेराक्रिप्ट या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमचा फाइलरूपी कंटेनर हलवला तर त्याची जुनी प्रत रिकाम्या जागेत मागे राहू शकते. गुप्ततेसाठी ठेवलेल्या गोष्टीला हे बरं नाही.

एसएमआर जातीच्या हार्ड डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. सुरुवातीचा राखीव पट्टा भरेपर्यंत डीफ्रॅग बरं चालतं, मग वेग सेकंदाला काही एमबीवर कोसळतो आणि चार तासांचं काम दोन दिवस रेंगाळतं. मॉडेल एसएमआर आहे का ते निर्मात्याच्या माहितीपत्रकात बघा. असेल तर पूर्ण डीफ्रॅगऐवजी फाइली दुसरीकडे काढून, फॉरमॅट करून, परत टाका.

करायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा. स्मार्ट बघा, बॅकअप घ्या, नको त्या फाइली आधी पुसा (मग नाही, पुसायच्या फाइली सांधत बसण्यात काय अर्थ?) आणि किमान १५ टक्के जागा मोकळी ठेवा. 'चेकडिस्क डी: /स्कॅन' (आज्ञेत पहिला शब्द सीएचकेडीएसके असा) करून फाइल सिस्टिम निरोगी असल्याची खात्री करा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बाहेरच्या डिस्कची केबल हलणार नाही असं बघा. मग 'डीफ्रॅग डी: /यू /व्ही' (/यू म्हणजे काम किती झालं ते दाखवत राहणं). भरलेल्या १ टीबी डिस्कला काही तास लागणं साहजिक आहे. ३ टक्के उरले म्हणून दुसरी फेरी मारू नका.

याने काही फरक पडला नाही तर दोष तुकड्यांचा नव्हताच. उडी १३ मिलिसेकंदांची म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० उड्या. विंडोज उठताना हजारो छोट्या फाइली मागते, आणि प्रत्येक फाइल एका तुकड्यात असली तरी त्या फाइलींमधल्या उड्या राहतातच. साधी साटा एसएसडी अशा हजारो मागण्या सेकंदात भागवते. डीफ्रॅगरच्या पूर्ण आवृत्तीचे पैसे तिच्यात घाला.

आणि बाहेरचा डीफ्रॅगर आधीच टाकलेला असेल तर काढताना एक बघा. दोघांनी आळीपाळीने एकमेकांची मांडणी मोडू नये म्हणून काही डीफ्रॅगर विंडोजचं वेळापत्रक बंद करतात, आणि अनइन्स्टॉल झाल्यावर ते पुन्हा चालू करायला विसरतात. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डीफ्रॅग या फोल्डरात 'शेड्यूल्ड डीफ्रॅग' नावाचं काम 'डिसेबल्ड' दिसलं तर 'एनेबल' करा, आणि आठवड्याभराने ऑप्टिमाइझच्या खिडकीत तारीख पुढे सरकली का ते पाहा.